वळूच्या बीजाचा सत्तर दिवसांचा हिशेब



रेडिओवर ऐकलेली गोष्ट कामाच्या घाईत कानाआड होते. म्हणून ही माहिती कागदावर छापून दिली आहे. घरात एकाने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी, आणि मग कागद गोठ्यात खिळ्याला अडकवून ठेवावा.

पेरणी तोंडावर आली की घरचे बी आपण तसेच तिफणीवर नेत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, किती उगवले ते मोजतो आणि मगच पेरतो. गाय फळवताना मात्र असा विचार फारसा कोणी करीत नाही. वळू अंगाने भरलेला दिसला, गाईवर चढला, की काम झाले असे आपण समजतो. गाय उलटली की दोष गाईचा. दोन-तीनदा उलटली की ती भाकड ठरते आणि तिला बाजाराची वाट धरावी लागते. चांगली दुभती गाय अशी दावणीवरून जाते, आणि खरा दोष वळूच्या बीजात असेल तर तो दावणीलाच राहतो.

पिंगळी आणि परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या आपल्या गावांतून लाल कंधारी आणि देवणी जनावरे आहेत, संकरित गाई आहेत, म्हशीही आहेत. उन्हाळ्यात इकडे पारा चाळिशीच्या वर चढतो. या उन्हाचा आणि वळूच्या बीजाचा फार जवळचा संबंध आहे. तो समजायचा असेल तर बीज कसे तयार होते ते आधी समजून घेतले पाहिजे. यात लाजण्यासारखे काही नाही. बियाण्याचे शास्त्र जसे, तसेच हेही.

बीज तयार होते कोठे?

वळूच्या दोन अंडांत, म्हणजे वृषणांत, केसासारख्या बारीक नळ्यांची गुंतवळ असते. ती उलगडून एकापुढे एक जोडली तर काही किलोमीटर लांब भरेल. या नळ्यांच्या आतल्या बाजूला बीज तयार होते. नळीच्या भिंतीला अगदी कडेला मूळ पेशी बसलेल्या असतात. त्यांना आपण बेणे म्हणू. उसाचे बेणे राखून ठेवतो ना, तसे. या मूळ पेशी दुभंगतात. काही पेशी बेणे म्हणून मागे राहतात आणि काही पुढच्या कामाला लागतात. म्हणून वळू म्हातारा होईपर्यंत त्याचे बेणे सहसा संपत नाही.

पुढच्या कामाला लागलेल्या पेशी हळूहळू भिंतीकडून नळीच्या पोकळीकडे सरकतात. त्यांना अन्न पुरवायला आणि आधार द्यायला दाईसारख्या मोठ्या पेशी असतात. या दाया एकमेकींना घट्ट चिकटून जणू कूड घालतात. रक्तातले सगळेच पदार्थ या कुडाच्या आत जाऊ शकत नाहीत. नाजूक काम आत चालू असते, म्हणून हा बंदोबस्त.

बेण्यापासून शेपटीवाला शुक्रजंतू होईपर्यंत वळूमध्ये सुमारे ६१ दिवस लागतात. त्याचे तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा सुमारे २१ दिवसांचा. त्यात पेशी दुभंगून दुभंगून संख्या वाढते. दुसरा सुमारे २३ दिवसांचा. त्यात रंगसूत्रांची वाटणी होते. तिसरा सुमारे १७ दिवसांचा. त्यात गोल पेशीला डोके आणि शेपूट येऊन शुक्रजंतूचा आकार येतो. त्यानंतर हे शुक्रजंतू वृषणाला चिकटून असलेल्या लांब वेटोळ्या नळीतून, म्हणजे अधिवृषणातून, आठ-दहा दिवस प्रवास करतात. तेथे ते पक्व होतात आणि त्यांना पोहण्याची ताकद येते. म्हणजे सगळा हिशेब झाला सुमारे सत्तर दिवसांचा.

एवढे एकच वाक्य लक्षात ठेवले तरी पुष्कळ: वळूने आज दिलेले बीज आज तयार झालेले नसते. त्याची सुरुवात सुमारे सत्तर दिवसांपूर्वी झालेली असते.

वाटणीचे विभाजन

मधला टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत नाजूक. शास्त्रात त्याला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. म्हणजे कसं, ते बघा.

जनावराच्या प्रत्येक पेशीत धाग्यासारखी रंगसूत्रे असतात. पुस्तकांत त्यांना गुणसूत्रे असेही म्हणतात. दूध किती, रंग कोणता, शिंगे कशी, या सगळ्याचा लेखी हुकूम या धाग्यांवर असतो. गाय-बैलांच्या पेशीत अशी ६० रंगसूत्रे असतात, म्हणजेच ३० जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक बापाकडून आलेले.

आता विचार करा. गाईच्या बीजात ६० आणि वळूच्या बीजात ६० अशी रंगसूत्रे असती तर वासरात १२० झाली असती, त्याच्या वासरात २४०. असा कारभार एक पिढीही चालला नसता. म्हणून बीज तयार होताना ६० ची ३० करावी लागतात. आणि तीही कोणतीही ३० नव्हेत. प्रत्येक जोडीतले नेमके एक.

हे काम दोन हप्त्यांत होते. आधी पेशी आपल्या प्रत्येक रंगसूत्राची नक्कल करून घेते. मग जोडीतली रंगसूत्रे एकमेकांना शोधून शेजारी शेजारी येऊन बिलगतात. पहिल्या हप्त्यात या जोड्या फुटतात. दोन भावांत ३० बैलजोड्यांची वाटणी व्हावी आणि प्रत्येक जोडीतला एक बैल एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे जावा, तशी ही वाटणी. एका पेशीच्या दोन पेशी होतात, प्रत्येकीत ३० रंगसूत्रे. दुसऱ्या हप्त्यात नक्कल केलेले धागे वेगळे होतात आणि दोनाच्या चार पेशी होतात. या चारही पेशींपासून पुढे शुक्रजंतू बनतात.

गाईकडे हेच काम वेगळ्या चालीने होते. कालवड आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजपेशींत ही वाटणी सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. ती पुढे वयात आल्यावर, माजाच्या वेळी, ती वाटणी पुढे सरकते. आणि चार वाट्यांपैकी एकाचेच स्त्रीबीज बनते, बाकीचे वाटे वाया जातात. वळूकडे मात्र वाटणी वयात आल्यावर सुरू होते आणि मग रोज चालू राहते. प्रौढ वळूच्या वृषणांत दिवसाला शेकडो कोटी शुक्रजंतू तयार होतात. कारखाना रोज चालू म्हटल्यावर रोज बिघडूही शकतो आणि रोज सुधारूही शकतो, हे ध्यानात ठेवा.

कासऱ्यांची अदलाबदल

जोडीतली दोन रंगसूत्रे बिलगलेली असतात तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. एक पांढरा कासरा आणि एक तांबडा कासरा शेजारी ठेवा. दोन्ही एकाच जागी कापा, तुकडे बदला आणि पुन्हा गाठ मारा. आता दोन्ही कासरे लांबीला पहिल्याएवढेच आहेत, पण पांढऱ्यात थोडे तांबडे आले आणि तांबड्यात थोडे पांढरे. रंगसूत्रांत अशीच तुकड्यांची अदलाबदल होते. वळूच्या आईचे गुण आणि बापाचे गुण एका नव्या धाग्यात विणले जातात.

शिवाय ३० जोड्या फुटताना कोणत्या जोडीतले कोणते रंगसूत्र कोणाकडे जाईल याला नेम नाही. नुसत्या या वाटणीच्या १०७ कोटींहून अधिक तऱ्हा होऊ शकतात. त्यात वरची अदलाबदल धरली तर मोजदादच नाही. म्हणून एकाच वळूच्या, एकाच गाईच्या दोन कालवडी सारख्या निघत नाहीत. एक दुधाला भरते, दुसरी बेताची निघते. त्यात कोणी फसवले असे नसते.

यावरून दोन गोष्टी घ्या. एक, वळूची पारख त्याच्या अंगावरून पुरी होत नाही, त्याच्या पुष्कळ मुलींच्या दुधावरून होते. चांगल्या वीर्यकेंद्रांत वळूची अशी संततीवरून परीक्षा करतात. दोन, वळूची अर्धी रंगसूत्रे त्याच्या मुलीत असतातच. तोच वळू तिलाही लावला तर सारखेच धागे पुन्हा एकत्र येतात आणि झाकलेले दोष उघडे पडतात. मुली माजावर यायच्या आत, म्हणजे दोन-तीन वर्षांत, गावचा वळू बदलावा असे सांगतात ते यासाठी.

नाकतोड्याने दिलेला दाखला

हे सगळे माणसाला कळले कसे? शुक्रजंतू पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून पाहिले गेले ते १६७७ साली, हॉलंडमध्ये. पाहणारा होता लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी. पण आत काय चालते ते कळायला आणखी सव्वादोनशे वर्षे गेली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शेतावर वाढलेला वॉल्टर सटन नावाचा तरुण मोठ्या जातीच्या नाकतोड्याच्या वृषणातल्या पेशी तपासत होता. या नाकतोड्याची रंगसूत्रे मोठी आणि एकमेकांपासून ओळखू येण्याजोगी असतात. जोड्या कशा जुळतात आणि कशा फुटतात ते त्याला दिसले. १९०२ आणि १९०३ साली त्याने मांडले, की आईबापांचे गुण पिल्लांत जातात ते याच वाटणीतून. मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवरून काढलेल्या नियमांचा उलगडा असा एका किड्याच्या बीजपेशीत झाला. आपल्या रानात उड्या मारणाऱ्या नाकतोड्यातही हीच वाटणी चालू असते, आणि गोठ्यातल्या वळूतही.

कालवड की गोऱ्हा?

तीस जोड्यांपैकी एक जोडी नर-मादी ठरवणारी. गाईत या जोडीतली दोन्ही रंगसूत्रे सारखी असतात, त्यांना एक्स म्हणतात. वळूत एक एक्स आणि एक लहान वाय. वाटणी झाली की वळूच्या निम्म्या शुक्रजंतूंत एक्स जातो, निम्म्यांत वाय. गाईच्या बीजात नेहमी एक्सच असतो. एक्सवाला शुक्रजंतू पोचला तर कालवड, वायवाला पोचला तर गोऱ्हा. म्हणजे वासरू नर की मादी हे वळूच्या बीजाने ठरते. गाईच्या हातात त्यातले काही नाही.

माणसातही हाच नियम आहे. मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे नीट वाचावे. शास्त्र सुनेच्या बाजूचे आहे. आणि माणसात गर्भलिंग तपासणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही विसरू नये.

एक्सवाल्या शुक्रजंतूत वायवाल्यापेक्षा आनुवंशिक द्रव्य सुमारे चार टक्के जास्त असते. या एवढ्याशा फरकावरून यंत्राने दोन्ही वेगळे करता येतात. अशा लिंगवर्गीकृत रेतमात्रा आता मिळतात. त्यांतून गाभण राहिलेल्या गाईंना शंभरात सुमारे नव्वद कालवडी होतात. मात्र या मात्रेत शुक्रजंतू कमी असतात, म्हणून गाय निरोगी हवी आणि माज अचूक धरला पाहिजे.

खेचर का फळत नाही?

वाटणी बिघडली तर काय होते, याचा जुना दाखला म्हणजे खेचर. घोड्यात ६४ रंगसूत्रे, गाढवात ६२. घोडीचे बीज ३२ घेऊन येते, गाढवाचे ३१. दोन्ही मिळून खेचरात ६३. ओझे वाहायला खेचर खणखणीत असते, कारण शरीर वाढायला जोड्या जुळाव्या लागत नाहीत. पण बीज तयार करताना जोड्या जुळवायची वेळ आली की गणित फसते. ६३ च्या जोड्या पडत नाहीत आणि घोड्याचे धागे गाढवाच्या धाग्यांना नीट बिलगत नाहीत. पेशी तेथेच अडकून मरतात. म्हणून खेचराला सहसा पिल्लू होत नाही.

गाई-बैलांतही एक दोष सापडतो. स्वीडनमध्ये १९६४ साली काही जनावरांत ६० ऐवजी ५९ रंगसूत्रे आढळली. दोन रंगसूत्रे एकमेकांना जोडून एकच लांब रंगसूत्र झाले होते. वळू दिसायला उत्तम, जोमही चांगला. पण वाटणी करताना काही शुक्रजंतूंत एखादे रंगसूत्र जास्त जाते, काहींत कमी. अशा बीजाने धरलेला गर्भ लवकरच जिरतो आणि गाय उलटते. हा दोष मुलींकडेही उतरतो. म्हणून आज वीर्यकेंद्रात वळू घेण्याआधी त्याची रंगसूत्रे मोजून बघतात. नुसत्या डोळ्याला हा दोष दिसत नाही.

ऊन लागते तेव्हा

आता आपल्या उन्हाळ्याकडे येऊ. वळूच्या अंगाचे तापमान सुमारे साडेअडतीस अंश असते. वृषणांना मात्र त्याहून दोन ते सहा अंश थंडावा लागतो. म्हणून निसर्गाने ते पोटाबाहेर पिशवीत टांगले आहेत. थंडीत पिशवी आखडून अंगाशी येते, उन्हात सैल होऊन खाली लोंबते. वृषणाकडे जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळीभोवती परतणाऱ्या थंड रक्ताच्या नळ्यांचे जाळे असते, त्यामुळे रक्त आत जाण्याआधीच निवते. पिशवीच्या कातडीला घाम येतो, आणि ओल्या फडक्याने रांजण थंड राहावा तशी ती थंड राहते.

पण भर वैशाखात, पत्र्याखाली, पाण्यावाचून बांधलेल्या वळूच्या बाबतीत ही सगळी व्यवस्था अपुरी पडते. लाळ-खुरकतासारख्या रोगाचा ताप आला तरी तेच. वृषण तापले की सर्वांत आधी मार बसतो तो वाटणीत गुंतलेल्या पेशींना आणि त्यांच्यापासून नुकत्याच झालेल्या गोल पेशींना. वाटणीतल्या पेशी मरतात, म्हणून शुक्रजंतूंची संख्या घटते. गोल पेशी वाचल्या तरी त्यांची डोकी वेडीवाकडी होतात, शेपट्या मुडपतात. भिंतीला बसलेले बेणे मात्र बहुधा शाबूत राहते. हीच यातली समाधानाची बाब आहे.

आता तारखांचा हिशेब मांडू. समजा, १० मेला वळूला जोराचा ताप भरला. त्या दिवशी अधिवृषणात तयार असलेले बीज पुढचे आठ-दहा दिवस चालेल. म्हणून पहिल्या आठवड्यात फळवलेली गाय गाभणही राहील, आणि आपल्याला वाटेल की वळूला काही झाले नाही. त्यानंतर आकार घेत असताना बिघडलेले शुक्रजंतू येऊ लागतील. आणि ताप आला त्या दिवशी वाटणीत असलेल्या पेशींचे बीज बाहेर येण्याची वेळ सुमारे ६ जून ते २९ जून. नेमक्या याच दिवसांत, मृगाचा पाऊस पडून गारवा झालेला असतो, हिरवे उगवू लागते, गाई माजावर येतात आणि वळूही टवटवीत दिसतो. तरी गाई उलटतात. कारण तो ताप महिनाभरामागचा असतो आणि आपण तो विसरलेलो असतो.

उन्हाचेही तसेच. ऊन एका दिवसाचे नसते, महिना-दीड महिना चालते. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो आणि पाऊस वेळेवर आला तर ऊन उतरते. त्या दिवशी बेण्यापासून निघालेली नवी पेशी तयार शुक्रजंतू होऊन बाहेर यायला १७ ऑगस्टच्या आसपासचा दिवस उजाडतो. म्हणजे उन्हाने फार पोळलेला वळू पुरता सुधारायला श्रावण लागतो.

सगळे वळू सारखे नसतात. लाल कंधारी, देवणी यांसारखा देशी वळू ऊन पुष्कळ सोसतो आणि लवकर सावरतो. जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताचा संकरित वळू लवकर हैराण होतो. रेड्याचे कातडे काळे आणि त्यात घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून त्याला डुंबायला पाणी किंवा अंगावर पाण्याचा मारा हवाच. संकरित वळूंत मुळातच निकृष्ट बीजाचे प्रमाण जास्त आढळते, म्हणून घरच्या संकरित गोऱ्ह्याला तपासणीशिवाय वळू म्हणून वापरू नये.

दोष गाईचा की वळूचा?

याचा एक साधा ताळा आहे. गाय उलटली म्हणजे साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर आली. एका वळूने फळवलेल्या गाईंपैकी एखादीच उलटत असेल तर त्या गाईची तपासणी करावी. पण एकाच महिन्यात गावातल्या बऱ्याच गाई उलटत असतील तर वळूकडे बघावे आणि मागच्या दीड-दोन महिन्यांत त्याला ताप, रोग, उपासमार किंवा उन्हाचा मार झाला होता का ते आठवावे. यासाठी एक साधी वही पुरते. कोणत्या तारखेला कोणाची गाय फळवली, ती उलटली का, वळू कधी आजारी होता, एवढेच त्यात टिपावे. हे करताना गाईलाही उन्हाचा त्रास होतो हे ध्यानात असू द्या. भर उन्हाळ्यात तिचा माज मुका राहतो आणि गर्भ टिकणे अवघड जाते.

कृत्रिम रेतनाच्या मात्रेला आपल्या वैशाखाची झळ लागत नाही. ते बीज तपासून आधीच गोठवलेले असते. शुक्रजंतू गोठवून जिवंत ठेवायची युक्ती १९४९ साली इंग्लंडमध्ये सापडली. ग्लिसरीन मिसळले की गोठतानाही ते मरत नाहीत. पुढे आपल्या राज्यात उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली सुरू केलेल्या भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशनने, म्हणजे बाएफने, गोठवलेल्या रेताचे काम खेडोपाडी नेले. आज एका बारीक कांडीत पाव मिलिलिटर रेत आणि सुमारे दोन कोटी शुक्रजंतू असतात. ही कांडी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये राहते.

काय करावे, काय टाळावे

१. वळूला भर दुपारी सावलीत बांधा. झाडाची सावली सर्वांत बरी. पत्र्याचे छप्पर असेल तर त्यावर कडबा किंवा पाचट टाका.

२. प्यायला स्वच्छ पाणी दिवसभर समोर ठेवा. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ अंगावर पाणी मारा. चारायचे ते पहाटे आणि दिवस कलल्यावर.

३. नुसत्या वाळल्या कडब्यावर वळू ठेवू नका. हिरव्या चाऱ्यातून मिळणारे जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडले की वृषणातल्या नळ्यांचे अस्तर झिजते. थोडा का होईना, लसूणघास किंवा हिरवा मका द्या. सोबत क्षार मिश्रण द्या.

४. आपला भाग कपाशीचा. सरकी घरात असते म्हणून वळूला भरमसाट सरकी किंवा सरकीची पेंड घालू नका. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी द्रव्याने शुक्रजंतू बिघडतात. गाईला चालते ते वळूला चालतेच असे नाही. त्याला करडईची, भुईमुगाची किंवा सोयाबीनची पेंड बरी.

५. हंगामाची तयारी सत्तर दिवस आधी सुरू करा. आषाढात वळू वापरायचा असेल तर काळजी चैत्र-वैशाखात घ्यायची. आषाढात घातलेला खुराक आषाढातल्या बीजाला लागत नाही.

६. मोठ्या वळूचा वापर आठवड्यातून दोन-तीनदाच करा, नव्या वळूचा त्याहून कमी.

७. लाळ-खुरकताची लस वेळेवर टोचून घ्या. वळूला जोराचा ताप येऊन गेला तर दोन महिने त्याच्या भरवशावर राहू नका. त्या काळात गाईंना कृत्रिम रेतन करून घ्या. २०२२ साली आपल्या राज्यात लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली होती. या रोगाचा विषाणू वीर्यातूनही बाहेर पडतो. असा रोग झालेला वळू पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय गाईंना लावू नका.

८. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी रेतन करा. कांडी हातावर चोळून किंवा उन्हात धरून वितळवू देऊ नका. ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते.

९. गोऱ्हा खच्ची केल्यावर लगेच त्याला गाईंत सोडू नका. आधी तयार झालेले बीज पुढच्या नळ्यांत काही दिवस जिवंत राहते आणि नको ती गाय फळते. महिना-दीड महिना वेगळा ठेवा.

१०. वळू विकत घेताना आणि दर हंगामाआधी त्याच्या बीजाची तपासणी करून घ्या. दोन्ही अंडे सारखी, भरीव आणि पिशवीत मोकळी हलणारी असावीत. एक लहान, एक मोठे, किंवा कडक असेल तर तो वळू ठेवू नका.

तपासणीत बीज वाईट निघाले तरी वळू लगेच खच्ची करू नका. मागे ताप किंवा ऊन झाले असेल तर त्याला सावली, पाणी आणि खुराक देऊन दोन-अडीच महिने थांबा आणि पुन्हा तपासा. बेणे शाबूत असेल तर बीज सुधारेल. दुसऱ्या खेपेलाही तेच आढळले तर मात्र मोह सोडा. तसेच, वळूची तपासणी झाल्याशिवाय उलटणारी गाय भाकड म्हणून विकू नका.

वळू ठेवणे ही बहुधा साऱ्या गावाची सोय असते. त्यामुळे त्याच्या सावलीचा आणि खुराकाचा खर्चही गावाने मिळून केला तर कोणा एकावर भार पडत नाही. अधिक माहितीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथेही जनावर दाखवता येते. जाताना ती तारखांची वही बरोबर न्यावी. डॉक्टरांना पहिली विचारपूस तिच्यावरूनच करता येईल.